पंधरा किलोमीटरांच्या अलीकडचा रस्ता

बर्फावरील खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभ्या उतारावरून वाऱ्यासारखा खाली येणारा स्कीपटू उभा राहतो. चित्रपटांनी तो आपल्या परिचयाचा करून दिला आहे. परंतु ह्या घराण्यात आणखी एक खेळ आहे आणि वयाने तो पुष्कळच वडील आहे. पायांत लांब, अरुंद, हलक्या पट्ट्या बांधावयाच्या, दोन्ही हातांत काठ्या घ्यावयाच्या आणि चढ, सपाटी, उतार असे जे काही वाट्यास येईल ते केवळ स्वतःच्या बळावर कापीत दहा, पंधरा, तीस, पन्नास किलोमीटर जावयाचे. ह्यास क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणतात. येथे चढावर नेऊन सोडणारा पाळणा नसतो. दमछाक हेच ह्या खेळाचे मूळ भांडवल.

ह्या खेळाचा इतिहास लिहिणारे बहुधा निकालपत्रकावरून तो लिहितात. कोण पहिला आला, किती सेकंदांनी आला, कोणत्या देशास किती पदके मिळाली, एवढे नोंदले की काम संपले. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य सरकारी कचेरीत कागद हाताळण्यात जात असल्यामुळे त्याची नजर थोडी वेगळ्या रकान्यांकडे वळते. प्रवासभत्त्याच्या बिलात निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, अंतर, वाहन आणि प्रयोजन हे रकाने असतात. यशापयशाचा रकाना नसतो. आपल्या देशातील क्रॉस-कंट्री धावपटूंचा इतिहास अशा बिलाच्या रकान्यांतून वाचला, तर जो अर्थ हाती येतो तो निकालपत्रकातून कधीच येणार नाही, असे मला वाटते. शर्यत पंधरा किलोमीटरांची असते. तिच्या अलीकडचा रस्ता किती लांब होता आणि त्याचा खर्च कोणी सोसला, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की स्कीचा जन्म शर्यतीसाठी झालेलाच नाही. स्वीडनमधील काल्व्हत्रेस्क येथे १९२४ मध्ये दलदलीत सापडलेली स्की पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. ‘स्की’ हा शब्दही मुळात लाकडाच्या चिरफळीचा वाचक. शिकारीस जाणे, जनावरांमागे जाणे, शेजारच्या वस्तीवर जाणे, ही त्या चिरफळीची कामे. १२०६ च्या हिवाळ्यात नॉर्वेतील यादवीत बिर्केबाइनर पक्षाच्या दोघा योद्ध्यांनी हाकोन ह्या तान्ह्या राजपुत्रास घेऊन स्कीवरून डोंगर ओलांडले आणि त्यास शत्रूच्या हाती लागू दिले नाही. आग्र्याहून राजगडापर्यंतच्या वाटेविषयी आपल्या मनात जो भाव आहे, तोच नॉर्वेजियन मनात ह्या वाटेविषयी आहे. १९३२ पासून त्या स्मरणार्थ शर्यत होते आणि तीत भाग घेणाऱ्याने पाठीवर साडेतीन किलोंचे ओझे वाहावे असा नियम आहे. ते ओझे म्हणजे तो राजपुत्र!

शर्यतीचे रूप ह्या साधनास प्रथम दिले ते सैन्याने. १७६७ मध्ये नॉर्वेतील सैनिकी तुकड्यांसाठी स्कीच्या स्पर्धा व बक्षिसे जाहीर झाल्याची नोंद आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात हे कौशल्य छावणीतून गावात, गावातून शाळेत आणि शाळेतून मंडळांत पसरले. १८८८ मध्ये नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले. १९११ च्या डिसेंबरात आमुंडसेनबरोबर दक्षिण ध्रुवावर जे पोहोचले त्यांत उलाव्ह ब्योलांड हा नावाजलेला स्कीपटू होता आणि तोच तुकडीचा सुतारही होता. १९२४ मध्ये शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले तेव्हा १८ व ५० किलोमीटरांच्या दोन्ही शर्यती नॉर्वेच्या थोर्लाइफ हाउगने जिंकल्या. त्याच्यामागे शतकांची पायवाट होती.

आजचा व्यावसायिक धावपटू पाहिला तर त्याचे जीवन फिरस्त्याचे आहे. नोव्हेंबरअखेर फिनलंडच्या उत्तरेस विश्वचषकाच्या शर्यती सुरू होतात आणि मार्चपर्यंत स्वीडन, नॉर्वे, स्वित्झर्लंड, इटली असा मुक्काम हलत राहतो. मराठी वाचकास ह्यात मुलुखगिरीचे स्मरण व्हावे. दसऱ्यास सीमोल्लंघन करावयाचे, मोहीम चालवावयाची आणि पावसाळ्यापूर्वी छावणीस परतावयाचे, हा आपल्या पूर्वजांचा क्रम. ह्यांचा क्रम बर्फाच्या आगमनाने सुरू होतो व त्याच्या वितळण्याने संपतो. उन्हाळ्यातही विसावा नसतोच. चाके लावलेल्या स्की पायांत घालून डांबरी रस्त्यांवर शेकडो किलोमीटर घालावे लागतात.

बाडबिस्तऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर तमाशाच्या फडाची उपमा अधिक जवळची ठरेल. नामांकित संघांबरोबर मोठमोठ्या मालमोटारी फिरतात. त्यांच्या आत मेणाची कार्यशाळा असते. बर्फ कोरडा की ओला, नवा की जुना, उणे दोन अंशांचा की उणे बारा अंशांचा, ह्यावर स्कीच्या तळास कोणते मेण लावावयाचे ते ठरते. पारंपरिक पद्धतीच्या शर्यतीत तर पट्टीच्या मध्यभागी पकड देणारे मेण व दोन्ही टोकांस घसरविणारे मेण, असा दुहेरी हिशेब असतो. पकड चुकली तर चढावर पाय मागे सरकतो. घसरण चुकली तर सपाटीवर घाम गाळूनही इतर पुढे जातात. मोठ्या धावपटूजवळ डझनांनी जोड असतात व ते निवडण्यास माणसे असतात. छोट्या देशाचा धावपटू दोनचार जोड खांद्यावर घेऊन विमानतळावर उभा असतो आणि रात्री खोलीत इस्त्री तापवून स्वतःच मेण चढवितो. दोघे दुसऱ्या दिवशी एकाच रेषेवरून सुटतात. पत्रकात फक्त त्यांच्या वेळा लिहिल्या जातात.

आता आपल्याकडे वळू. काश्मीरमधील गुलमर्ग येथे १९२७ मध्ये इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब स्थापन केला. तो साहेबांचा हिवाळी विरंगुळा होता. ह्या विद्येचे भारतीय पर्व १९४८ च्या डिसेंबरात सुरू झाले. काश्मीरचे युद्ध नुकतेच हिमात लढले गेले होते आणि हिवाळ्यात ठाणी राखावयाची तर बर्फावरून हालचाल करता आली पाहिजे, हे उघड झाले होते. १९ व्या पायदळ डिव्हिजनचे सेनानी थिमय्या ह्यांनी गुलमर्ग येथे स्कीची शाळा काढली. १९६२ मध्ये तीच शाळा उत्तुंग युद्धशास्त्राचे विद्यालय म्हणून पुढे आली. त्याच वर्षी उभारलेल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाने १९७३ मध्ये गढवालातील औली येथे गिर्यारोहणाची व स्कीची संस्था स्थापन केली. मनालीस १९६१ मध्ये गिर्यारोहण संस्था सुरू झाली होती. म्हणजे नॉर्वेप्रमाणेच आपल्याकडेही ह्या खेळाचा उगम सैनिकाच्या गस्तीत आहे. फरक एवढाच की तेथे ती विद्या छावणीतून गावात उतरली. आपल्याकडे ती पुष्कळ काळ छावणीतच राहिली.

आम्हा चंडीगढवासीयांस ह्याची थोडी प्रचीती येते. ह्या शहरात बर्फ पडत नाही. सुखना तलावाच्या काठावरून शिवालिकाच्या रांगा व रात्री कसौलीचे दिवे दिसतात, इतकेच. तथापि हे हिमाचे दार आहे. लेहकडे जाणारी लष्करी विमाने येथून उडतात आणि मनालीची मोटारवाट येथून निघून किरतपूर, बिलासपूर, मंडी, कुल्लू अशी सुमारे तीनशे किलोमीटर चढत जाते. १९६९ मध्ये मनाली येथे स्थापन झालेल्या हिम व हिमलोट अध्ययन संस्थेचे संशोधन केंद्र ह्याच शहराच्या ३७ व्या सेक्टरात होते. २०२० मध्ये ती संस्था संरक्षण खात्याच्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेशी जोडली गेली आणि नव्या नावाने तिचे काम येथे चालू राहिले. बर्फाचा अभ्यास बर्फ नसलेल्या गावात व्हावा, ह्यात विसंगती नाही. कागद, विमान आणि माणूस जेथून हलविता येतात तेच ठिकाण अशा कामास सोयीचे.

परंतु हिमालयात एवढा बर्फ असताना आपल्या धावपटूस परदेशी धाव का घ्यावी लागते, असे वाचक विचारील. ह्याचे उत्तर दोन नियमांत आहे. ऑलिंपिक, जागतिक अजिंक्यपद व विश्वचषक ह्यांच्या क्रॉस-कंट्री मार्गाचा सर्वोच्च बिंदू समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरांहून अधिक उंच नसावा, असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा दंडक आहे. विरळ हवेत दीर्घ श्रमाची कसोटी सर्वांस समान राहत नाही, हे त्याचे कारण. गुलमर्ग २,६०० मीटरांच्या वर आहे. औलीही अडीच हजारांच्या वरच. आपला भरवशाचा बर्फ असा त्या रेषेच्या डोक्यावर पडतो! दुसरा नियम गुणांचा. विजेत्याच्या वेळेपेक्षा आपली वेळ किती पटीने अधिक, त्यावरून गुण मोजतात. गुण जितके कमी तितका धावपटू चांगला. २०१८ च्या ऑलिंपिकसाठी लहान देशाच्या धावपटूस पाच नोंदणीकृत शर्यतींची सरासरी ३०० गुणांच्या आत आणणे आवश्यक होते. अशा शर्यती बहुतांशी युरोपात होतात. तेव्हा पात्रतेचा अर्थ व्यवहारात असा होतो की पारपत्र, प्रवेशपत्र, विमानभाडे, रजा आणि मुक्काम ह्यांची तरतूद अनेकवार झाली पाहिजे. पाय कितीही बळकट असले तरी ही तरतूद नसेल तर ते पाय हिशेबात धरले जात नाहीत.

ह्या पार्श्वभूमीवर भारताचे जे थोडे धावपटू ऑलिंपिकच्या रेषेपर्यंत पोहोचले त्यांची वाटचाल पाहावी. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे नाव प्रथम लागले ते १९६४ मध्ये इन्सब्रुक येथे, पोलिश वंशाच्या जेरेमी बुयाकोव्स्कीमुळे. पण तो उताराचा स्कीपटू होता. क्रॉस-कंट्रीत २००६ मध्ये तुरिन येथे बहादुर गुप्ता उतरला. त्यानंतर २०१० मध्ये व्हँकुव्हर येथे लडाखचा ताशी लुंडुप, २०१४ मध्ये सोची येथे राजौरीचा नदीम इक्बाल आणि २०१८ मध्ये प्योंगचांग येथे जगदीश सिंग. हे तिघेही लष्करातले. तिघेही पंधरा किलोमीटरांच्या शर्यतीत धावले. ताशी ८३ वा आला, नदीम ८५ वा, जगदीश १०३ रा. आणि योगायोग असा की ह्या तिन्ही शर्यतींचे सुवर्णपदक एकाच माणसाने, स्वित्झर्लंडच्या डारिओ कोलोन्याने, जिंकले. तीन ऑलिंपिकमध्ये एकाच पल्ल्याचे सुवर्णपदक मिळविण्याचा त्याचा पराक्रम इतिहासात नोंदला गेला. त्याच तीन पत्रकांच्या खालच्या भागात आपली तीन नावे आहेत.

त्या तीन नावांच्या मागचा रस्ता मात्र प्रत्येकाचा निराळा. २०१० मध्ये भारतीय चमूस उद्घाटनासाठी नीटसा गणवेशही नव्हता. व्हँकुव्हर परिसरातील भारतीय वंशाच्या लोकांनी वर्गणी काढून ती उणीव भरून काढली. २०१४ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित असल्यामुळे उद्घाटनाच्या दिवशी आपले खेळाडू स्वतःच्या ध्वजाविना चालले. निलंबन उठले ते ११ फेब्रुवारीस आणि नदीमची शर्यत झाली १४ फेब्रुवारीस. तीन दिवसांच्या ह्या अंतराने त्यास देशाच्या नावाने धावता आले. कोणत्याही प्रशिक्षणाने जे साधणार नव्हते ते दूर कोठेतरी भरलेल्या एका बैठकीने साधले. खेळाडूचा प्रवास केवळ बर्फावरून होत नाही, तो अशा कागदांवरूनही होतो.

२०१८ ची शर्यत अधिक बारकाईने पाहण्याजोगी आहे. कोलोन्याने पंधरा किलोमीटर ३३ मिनिटे ४३.९ सेकंदांत कापले. जगदीश सिंगास ४३ मिनिटे ०.३ सेकंद लागले. अंतर नऊ मिनिटांहून अधिक. पत्रक वाचणारा येथेच थांबतो व मान हलवितो. हिशेब थोडा पुढे नेला तर दिसते की कोलोन्याच्या दर चार मिनिटांस जगदीशला पाचाहून किंचित अधिक मिनिटे लागली आणि त्याचा सरासरी वेग ताशी जवळजवळ २१ किलोमीटर होता. चढउतारांच्या वाटेवर, स्वतःच्या हातापायांच्या बळावर, पाऊण तास हा वेग राखणे ही उपहासाची गोष्ट खचित नव्हे.

त्याच शर्यतीच्या अखेरीस जे घडले ते पुष्कळांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. मेक्सिकोचा हेर्मान माद्रासो सर्वांत शेवटी, ११६ वा, हाती आपला राष्ट्रध्वज घेऊन आला. त्याच्या थोडे आधी पोहोचलेले टाँगा, मोरोक्को, पोर्तुगाल व कोलंबियाचे धावपटू रेषेपाशी त्याची वाट पाहत थांबले होते आणि त्यांनी त्यास खांद्यावर उचलले. टाँगाचा पिता टाउफाटोफुआ व हा माद्रासो ह्यांनी पात्रतेचे शेवटचे गुण मिळविले ते आइसलंडमधील इसाफ्योर्दुर ह्या दूरच्या गावी. तेथे जाण्याचा रस्ता हिमलोटांच्या भयाने बंद होता आणि तो उघडेपर्यंत त्यांना वाटेतच खोळंबावे लागले. एकमेकांची वाट पाहण्याचा जो सौजन्यभाव त्या दिवशी जगाने पाहिला, तो मला त्या रस्त्यांवरच रुजलेला वाटतो. एकाच गाडीने गेलेली, एकाच मेणाच्या डबीत भागीदारी केलेली माणसे रेषेवर परकी होत नाहीत. आपल्या वारीत मागे राहिलेल्यास दिंडी टाकून जात नाही, त्यातलाच हा प्रकार.

ह्या सर्व वाटचालीतून एक गोष्ट निर्विवादपणे पुढे येते. आपल्या देशात ह्या खेळाच्या रस्त्यावर प्रामुख्याने गणवेशधारी माणूसच का दिसतो? डोंगरात राहणारी इतर मुले दुबळी आहेत असे नाही. लडाखच्या, लाहौलच्या, गढवालच्या खेड्यांतून चढावर जन्म काढलेली मुले कमी नाहीत. पण शिपायास सराव ही नेमून दिलेली कामगिरी असते, त्याच्या जाण्यायेण्याचा हुकूम निघतो, त्याचा पगार चालू राहतो, अपघात झाल्यास इस्पितळ असते. गावातल्या मुलास स्कीचा एक जोडही विकत घेणे जड जाते. युरोपातील पाच शर्यती तर त्याच्या स्वप्नातही येत नाहीत. म्हणजे आपल्या क्रॉस-कंट्रीचा इतिहास हा ज्यांच्या प्रवासखर्चास मंजुरी मिळू शकत होती अशा माणसांचा इतिहास आहे. ज्यांना ती मिळू शकली नाही त्यांची नोंद कोणत्याच पत्रकात नाही, शेवटच्या क्रमांकावरही नाही. सैन्याने हा दिवा तेवत ठेवला ह्याबद्दल कृतज्ञता हवीच. पण एका घरातल्या दिव्याने गाव उजळत नाही.

अलीकडे हे चित्र किंचित बदलू लागले आहे. २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होऊ लागल्या आणि बर्फ नसलेल्या राज्यांचे संघही गुलमर्गला येऊ लागले. कोडगूची भवानी ही तरुणी क्रॉस-कंट्रीत कर्नाटकासाठी सुवर्णपदके मिळविते. कॉफीच्या मळ्यांच्या त्या प्रदेशात बर्फ कोठून यावा! ज्या थिमय्यांनी १९४८ मध्ये गुलमर्गची शाळा काढली ते ह्याच कोडगूचे. सेनानीने सैनिकांसाठी उघडलेल्या वाटेवर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी त्याच्याच मुलखातील एक मुलगी गणवेशाविना चालू लागली, ही घटना मला पदकांपेक्षा अधिक बोलकी वाटते. २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकमध्येही लडाखचा स्टँझिन लुंडुप ह्याच खेळात उतरला. २०२२ मध्ये बीजिंग येथे तुटलेला धागा पुन्हा जुळला.

दुसरीकडे खुद्द बर्फच बेभरवशाचा होऊ लागला आहे. २०२५ मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया स्पर्धा फेब्रुवारीत ठरल्या होत्या. पुरेसे हिम नसल्यामुळे त्या मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. ज्याचा हंगाम आधीच तोकडा, त्याचा तो आणखी तोकडा होणार आणि बर्फाच्या मागे करावयाचा प्रवास आणखी लांबणार. अशा वेळी पदक का मिळत नाही असे विचारण्यापेक्षा, दरवर्षी किती मुलामुलींचे भाडे आपण भरले, असे विचारणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. नॉर्वेचे सामर्थ्य हाउगच्या पायांत जितके होते तितकेच ते शाळेत जाणाऱ्या पोरांच्या गर्दीत होते. गर्दी निर्माण होण्यास वाट रुंद लागते आणि वाट रुंद करण्याचे काम खेळाडूचे नसते. ते समाजाचे व शासनाचे असते.

८३, ८५ आणि १०३ हे आकडे अशा दृष्टीने पाहावयास हवेत. रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड असतो. तो प्रवाशास उणा किंवा श्रेष्ठ ठरवीत नाही, येथवर कोणीतरी येऊन गेले आणि येथून पुढे अमुक इतके अंतर आहे, एवढेच सांगतो. आपल्या तीन जवानांनी परक्या देशांतील बर्फावर तसे तीन दगड रोविले आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे भाडे पुढच्या मुलास कोण देणार, हे ठरले म्हणजे चौथ्या दगडाची जागा आपोआप ठरेल.